साधाच हेडफोन

माझी पहिली मैफल आमच्या यजमानांनी डोळे मिटून, तल्लीन होऊन ऐकली, असे ते आजही चारचौघांत सांगतात. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण संगणकावर नीट ऐकता यावे, म्हणून धाकट्याने आठवडाभर नाना प्लेअर आणि हेडफोन लावून पाहिले. मी एकेक नापास करीत गेले.

‘अगं, साधाच घे. पुरे झाला,’ हे यजमानांचे पालुपद. मी बधले नाही.

अखेर एका हेडफोनमधून माझा श्वासदेखील स्वच्छ ऐकू आला. त्यामागे एक संथ घरघरही होती.

‘आई, ती खरखर प्लेअरमधून काढून टाकू?’

‘खबरदार! ती खरखर नव्हे. ती मी रोज उशाशी ऐकते.’

यजमान वर्तमानपत्राआडून पुटपुटले, ‘तरी म्हणत होतो, साधाच घे.’