पदराला पुसलेली काकडी

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आत वीतभर लांबीचा पांढरट जंत होता.

"पित्ताच्या नळीत जाऊन बसला होता हा. म्हणून कावीळ, म्हणून ताप. पोट उघडल्याशिवाय इलाजच नव्हता."

खाटेवरच्या चंदरनं तोंड फिरवलं. त्याची बायको देवकी मात्र डोळे फाडून बघत राहिली. माझ्या नवऱ्याला पिवळाजर्द करून सोडणारा मेला तो हाच होय!

"पण आला कुठून?" तिनं विचारलं.

"मातीतून. शेतातली काकडी, मुळा न धुता खाल्ला की याची अंडी पोटात जातात. खाता का तसं?"

देवकीचा हात पदरावर गेला. गावी वैशाखऱ्याला त्यांच्या शेताच्या बांधावर काकडीचा वेल होता. काकडी तोडायची, पदराला पुसायची नि चंदरच्या हातावर ठेवायची, लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. कोवळी दिसली की ती पानाखाली लपवून ठेवायची, खास त्याच्यासाठी. म्हणजे हे दुखणं तिनंच त्याला भरवलं? ती बोलायला तोंड उघडणार, तोच खाटेवरून आवाज आला.

"नाय डाक्टर. घरचं तसं काय नाय. मुरबाडला कामाला जातो ना, तिथं नाक्यावर वडापाव खातो. त्याचंच हाय हे."

"वडा तर कढत तेलात तळतात."

चंदर जरा गडबडला. "चटणी हो! चटणी कच्चीच असते."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा देवकीच्या भरल्या डोळ्यांकडं.

"बरं. मग यापुढं चटणीसुद्धा धुऊन खायची." ते गालातल्या गालात हसले. "आज मऊ भात चालेल," म्हणाले नि पुढच्या खाटेकडं वळले.

"खोटं कशाला बोललात?" देवकी पुटपुटली.

"वडापाववाला काय रडणार हाय? तू रडली असतीस."

रडायचं ते ती रडलीच. मग नळावर गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात घासले, पुन्हा घासले. तरी त्या हातांवर तिचा भरवसा बसेना. शेजारच्या खाटेवरून चमचा मागून आणला, तोही धुतला नि भाताचा पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला.

चंदरनं ओठ घट्ट मिटले.

"काय झालं? दुखतंय?"

"चमच्यानं नको गो," तो म्हणाला. "हातानं दे."