बदलीवाला

सहारा दरवाज्याच्या चहाच्या लारीवरच्या घड्याळात सहा पस्तीस झाले होते, आणि पुढे कापडाचे टेम्पो असे आडवे लागले होते की सायकल डोक्यावर घेऊनच पलीकडे जावं. वाल्मिकनं घंटी वाजवली. सुरतेत सायकलची घंटी कोण ऐकतं? टेम्पोवाले ऐकत नाहीत, रिक्षावाले ऐकत नाहीत, गाईम्हशींचं तर विचारूच नका. शेवटी त्यानं चाक फुटपाथवर चढवलं, एका हमालाची शिवी खाल्ली आणि वाट काढली.

पर्वत पाटियापासून कतारगामपर्यंत रोज हेच. सातचा भोंगा झाला की कारखान्याचं फाटक बंद. कायमच्या कारागिराला निदान ठाऊक असतं की तिथे आपले कापड विणायचे माग आहेत. वाल्मिकला तेही नव्हतं, कारण तो बदलीवाला. सातला फाटकावर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर त्याचे माग दिवसभर चालवायचे. सगळे आले तर तोच रस्ता उलट तुडवत खोलीवर यायचं. गेले नऊ दिवस सगळे आले होते. कोणाला साधा तापही येईना, आता काय म्हणावं या लोकांना!

कधीकाळी त्याचेही माग होते, चांगले आठ. मागल्या वर्षी प्लेग आला, अर्धी सुरत गावाकडे पळाली, त्यात हाही पळाला. बायकोला, वर्षाला, अमळनेरजवळ तिच्या माहेरी सोडलं. परत आला तोवर त्याच्या मागांवर दुसरा बसला होता. सेठनं वर नवा नियम काढलेला. पळून गेलेल्याला पुन्हा कायमचं ठेवायचं तर कारखान्यातल्या जुन्या माणसानं सेठसमोर उभं राहून जामीन राहायचं. हा पुन्हा पळाला तर जामिनाचीही नोकरी गेली. आता दुसऱ्यासाठी आपल्या पोटावर पाय कोण येऊ देईल?

वाल्मिकनं श्रीरंगला विचारून पाहिलं होतं. श्रीरंग बारा वर्षांचा जुना कारागीर, एकाच तालुक्यातला, याच्या लग्नात वाजंत्रीपुढे नाचलेला. तो नुसता "बघू भो" म्हणाला. त्याला पंधरा दिवस झाले. बघू म्हणणारा माणूस कधी बघत नाही, हे वाल्मिकला कळत होतं, आणि ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

त्यात परवा सासऱ्याचं पत्र आलं. आखाजीच्या सणाला साऱ्या गावाच्या लेकी माहेरी येतात, आमची तर सासरी गेलीच नाही, लोक तोंडावर हसतात, असं म्हाताऱ्यानं लिहिलं होतं. कायमचं काम धरा आणि आखाजीच्या आत घेऊन जा, नाहीतर मग येऊच नका. आखाजीला बारा दिवस होते. माहेरीच जन्मलेली मुलगी आता बसायला लागली होती म्हणे. बापानं तिला एकदाच पाहिलं होतं.

स्टेशन मागे पडलं. पायात गोळे आले होते, सीटची स्प्रिंग टोचत होती. कतारगाम दरवाज्याच्या थोडं अलीकडे रस्त्याच्या कडेला त्याला श्रीरंग दिसला. मागचं चाक पार बसलेलं, आणि पंक्चरवाल्याचं दुकान अजून बंद. श्रीरंगनंही त्याला पाहिलं आणि हात वर केला.

"वाल्मिक, थांब ना भो. पंप दे."

पंप वाल्मिकच्या सायकलला बांधलेलाच होता. दोन मिनिटांचं काम. हवा भरली असती तर श्रीरंग कसाबसा कारखान्यापर्यंत पोचला असता. पोचला असता, म्हणजे त्याचे माग त्यानंच चालवले असते, आणि वाल्मिक दहाव्या दिवशीही हात हलवत परत गेला असता. मला कोणी दिला होता पंप, असं त्याच्या मनात आलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

त्यानं मान खाली घातली आणि पेडल दाबलं. श्रीरंग काही पावलं मागे धावला, आणखी काहीतरी ओरडून सांगत होता, पण मधे बस आली. पुढच्या वळणापर्यंत वाल्मिकचे कान तापले होते. त्याला स्वतःचीच लाज वाटली, रडूही आलं, पण पाय थांबले नाहीत.

तो फाटकात शिरला, सायकल लावली, आणि पाचेक मिनिटांनी भोंगा वाजला. तेवढ्यात सेठच्या केबिनमधून भटू बाहेर आला. भटूही बदलीवालाच, प्लेगमध्ये पळालेला. तो आपल्या मामाच्या पाया पडत होता. वाल्मिकचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. तो थेट सुकदेव मुकादमापुढे जाऊन उभा राहिला आणि आज कोणी कमी आहे का, असं अगदी साळसूदपणे त्यानं विचारलं.

"श्रीरंग नाही आला. आज त्याचे माग तू चालव," मुकादम म्हणाला. वाल्मिकनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मुकादम मात्र कपाळाला हात लावून फाटकाकडे बघत होता.

"आपला लोटू कारागीर हजिऱ्याच्या कंपनीत कामाला लागला, त्याचे आठ माग रिकामे झाले. काल श्रीरंगनं सेठची पाठच सोडली नाही. वाल्मिकला द्या, मी जामीन राहतो म्हणाला. तुझ्या खोलीवरही येऊन गेला, तू नव्हतास. सेठनं त्याला सांगितलं होतं, उद्या सातच्या आत स्वतः येऊन बोल. भोंग्यापर्यंत वाट पाहिली सेठनं, मग भटूचा मामा जामीन राहिला."

वाल्मिकनं वळून पाहिलं, फाटक बंद झालं होतं.

"बारा वर्षांत कधी उशीर नाही या माणसाला," मुकादम म्हणाला. "तू त्याच रस्त्यानं आलास ना? कुठे दिसला नाही का तुला?"