पहिलं गिऱ्हाईक

खुर्ची दिसताच वस्तरेकाकांना आठवलं, की दुकानाचं शटर नीट लागलंय का ते बघायला हवं. ते तसेच मागे वळले. रस्त्याकडच्या दारात काकू स्टूल टाकून बसल्या होत्या.

"शटर मी लावलंय," काकू म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

आज त्यांच्या लेकीच्या दवाखान्याचा पहिला दिवस. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या दवाखान्यात दात काढले होते, आजपासून खुर्ची स्वतःची. पाटीचा रंग अजून वाळायचा होता आणि भिंतीलगतच्या बाकांवर अर्धी गल्ली दाटीवाटीनं बसली होती. पहिला मान काकांचा. ती कॉलेजात असताना त्यांनीच हे छाती ठोकून सांगून ठेवलं होतं. तेव्हा दाढ शाबूत होती, त्यामुळे बोलायला काय जात होतं? आता ती किडून पोकळ झाली होती आणि ठणका लागला की काकांना जेवण सुचत नव्हतं. जन्मभर लोकांच्या गळ्यावर बिनधास्त वस्तरा फिरवल्यामुळे गल्लीनं त्यांना 'वस्तरेकाका' हे नाव दिलेलं, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांची पाचावर धारण बसे. याआधी दोन दवाखान्यांतून ते "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून जे निघाले, ते थेट घरी. आज तसं करून चालणार नव्हतं. सख्खा बाप पळाला, तर त्या खुर्चीत दुसरं कोण बसणार? बाकावरचे गुरुजी सुजलेल्या गालावर हात ठेवून आत्ताच दाराकडे बघायला लागले होते.

लेकीनं त्यांना बसण्याचा आग्रह केला नाही. भीती वाटते तर वाटू दे, म्हणाली, तिच्यावर उपाय आहेत. एक गोळी असते, ती आधी घ्यायची आणि मग गुंगीत काम होतं, पण दिवसभर पेंग येते. दुसरं, शिरेतून औषध. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर बोलवावे लागतात आणि नंतर फारसं काही आठवत नाही. तिसरं, नाकावर छोटा मास्क. त्यातला वायू श्वासाबरोबर घेतला की भीती सैल पडते, पण माणूस जागा राहतो आणि मास्क काढल्यावर थोड्याच वेळात पूर्ववत होतो.

आठवत नाही ते दे, काका घाईघाईनं म्हणाले. डॉक्टरांना आजच बोलव, उद्या बोलव, पण तेच दे. मग बोलता बोलता थांबले.

"म्हणजे तू पहिलं काम करणार, आणि मला त्यातलं काहीच आठवणार नाही?"

"नाही आठवणार, बाबा."

काकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"मग ते नाकाचं लाव," ते म्हणाले. "मला बघायचंय."

ते खुर्चीत बसले आणि नाकावर मास्क लागला. थोड्या वेळानं बोटांना मुंग्या आल्या, पाय उबदार झाले. भीती गेली नाही, पण नंबर लावून बसलेल्या गिऱ्हाइकासारखी लांब बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात डोक्यावर हात आला. लेक समोरून आलीच नव्हती, मागून आली होती. गळ्याभोवती कापड बांधताना ती काल सलूनचा पंखा किती कुरकुरत होता ते सांगत होती, आणि मग बोलता बोलताच इंजेक्शनची सुई त्यांच्या नजरेच्या खालून हळूच वर येत होती.

काकांना हे फार ओळखीचं वाटलं. रडणाऱ्या पोरांचे केस ते असेच कापत. आधी डोक्यावर हात, मग गप्पा, मग कानामागून कात्री. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्यांनी हिलाही तसंच बसवलं होतं.

"अगं, ही तर माझी चाल," ते म्हणाले.

"मग काय शेजाऱ्यांची असणार?"

काकांना हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. त्यांनी आपणहून हनुवटी वर केली आणि बजावलं, "कल्ले जरा बारीक ठेव." बाकांवर हशा पिकला. गुरुजी गाल धरून हसले.

मग तोंड उघडलं. सुई टोचल्याचं कळलं, पण डास चावावा इतकंच. हिरडी बधिर झाली आणि काकांनी ठरवल्याप्रमाणे डोळे सताड उघडे ठेवले. लेकीच्या कपाळावर बारीक आठी होती, आणि हात असा स्थिर, की काकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझी पोरगी, ते मनात म्हणत राहिले, माझी पोरगी. डोळ्यांतून पाणी वाहिलं ते दुखण्याचं नव्हतं. नुसता दाब जाणवला, काहीतरी कुरकुरलं. लेकीनं जखमेवर कापूस ठेवून तोंड मिटायला लावलं. आता काढणार कधी, असं काकांनी भुवया उडवून विचारलं.

"काढली," लेक म्हणाली. दाढ ट्रेमध्ये पडली होती.

डोकं पार निवळेपर्यंत तिनं त्यांना बसवून ठेवलं. मग काका उठले. गळ्याचं कापड त्यांनी स्वतःच सोडलं, फटकन झाडलं, खुर्चीवरून एक हात फिरवला आणि ती दाराच्या बाजूला वळवली. कापूस दाताखाली तसाच होता, ओठ अर्धा बधिर होता, तरी नेहमीचं वाक्य तोंडातून गेलंच.

"चला, पुढचं कोण?"

काकूंनी स्टूल उचललं आणि दार मोकळं केलं. गुरुजींनी उघड्या दारातून एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग ते शर्टाचं वरचं बटण काढत खुर्चीकडे निघाले.