प्रॉक्सी

बापाने पोराच्या अंगावरची चादर ओढली. त्याच्या वेळी हॉस्टेलात हा रामबाण उपाय होता. चादर ओढली की झोपलेला शिव्या घालत उठायचा, मागे धावायचा आणि धावता धावता तासाला पोचायचा. हा पोरगा ना उठला, ना चिडला. भिंतीकडे तोंड करून होता तसाच पडून राहिला. चादर तेवढी बापाच्या हातात आली.

“अरे, ऊठ. ऊन बघ किती वर आलंय.”

“उठतो, बाबा.”

हे तो कालपासून म्हणत होता.

काल बाप आला होता तो मोठ्या थाटात. महिनाभर रोज पहिला तास सुरू झाला की घरी आईच्या फोनवर कॉलेजचा मेसेज पडायचा: आपला पाल्य आज अनुपस्थित आहे. तो वाचून वाचून आई अर्धी झाली होती. असंच चाललं तर पोराला परीक्षेला बसू देणार नव्हते. “त्यात काय एवढं, जाऊन कान पिळतो,” म्हणत बापाने केस काळे केले, मिशी उतरवली आणि बॅग भरली. “पोराच्या कॉलेजात चाललाय की स्वतःच्या?” आई म्हणाली होती. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

पोराच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर दुसरा एक मुलगा हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसला होता. बापाने त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्याने एक कान मोकळा केला.

“हा वेळेवर जेवतो का रे?”

“जेवत असेल, काका. मला वाटलं, याचं कॉलेज ऑनलाइन चालू आहे.” मुलगा वाईट नव्हता. त्याचा चेहरा पडला. बाप आणखी काही विचारत नाही असं बघून त्याने कान पुन्हा झाकला.

बापाच्या वेळी एका खोलीत चौघे असायचे. एकाला शिंक आली तरी चौघांना कळायची. मनसोक्त रडायलासुद्धा कोपरा मिळायचा नाही, आणि त्या गोष्टीचा तेव्हा फार वैताग यायचा.

तो पोराच्या उशाशी बसला. गंभीर बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, चेष्टा जमायची.

“आम्ही काय कमी दांड्या मारल्या? पण हजेरी पूर्ण. मी एकटा तिघांची प्रॉक्सी द्यायचो. मागच्या बाकावर बसायचं, मान खाली घालायची आणि आवाज बारीक काढून म्हणायचं, ‘येस सर’. सरांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. तुझी प्रॉक्सी द्यायला कोणी नाही होय रे?”

“आता मशीन चेहरा बघतं, बाबा.” पोरगा भिंतीशीच बोलला. “आणि माझी कोण देणार? वर्गात मला कोणी ओळखतच नाही.”

बापाची चेष्टा तिथेच संपली.

“कोणी त्रास देतं का?”

“नाही.”

“अभ्यास झेपत नाही?”

“तसं नाही.”

“मग होतंय तरी काय तुला?”

“माहीत नाही, बाबा. उठावंसंच वाटत नाही.”

यावर काय करायचं असतं, हे बापाला कोणी शिकवलं नव्हतं. ताप असता तर कपाळावर हात ठेवला असता. त्याने तरीही ठेवला. कपाळ गार होतं. मग ओढलेली चादर त्यानेच पुन्हा पोराच्या अंगावर घातली, नीट पायापर्यंत, आणि “सरांना भेटून येतो” म्हणून बाहेर पडला. सरांना भेटून काय सांगणार होता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पोराचा वर्ग कॉलेजच्या वरच्या मजल्यावर होता. दाराशी मुलामुलींची रांग लागली होती. भिंतीवरच्या एका काळ्या डब्यासमोर एकेक जण चेहरा धरायचा, डबा टिंग करायचा, की तो आत. बाकीचे आपापल्या फोनमध्ये. बापाच्या वेळी एवढी पोरं एका दाराशी उभी राहिली असती तर सरांना आवाज चढवावा लागला असता. बघता बघता रांग संपली आणि दार लोटलं गेलं.

बाप डब्याजवळ गेला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. वाचण्यासाठी त्याने चष्मा काढला आणि वाकला.

टिंग.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर पोराचा फोटो आला, प्रवेश घेताना काढलेला, तोंडभर हसू असलेला. खाली शब्द उमटला: उपस्थित.

पोरगा लहान असल्यापासून लोक म्हणायचे, बापाचं नाक, बापाचे डोळे, दुसऱ्या कोणाचं काही घेतलंच नाही याने. बापाला आधी हसू आलं. मग त्याला वाटलं, ही चूक आत जाऊन सांगायला हवी. त्याने दाराला हात लावला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“अहो, गेला ना तो?” आई होती. “आत्ताच मेसेज आला. उपस्थित आहे म्हणून.” ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. “मला माहीतच होतं, तुम्ही गेलात की सगळं ताळ्यावर येईल. आज मी दोन घास जेवेन बघा. बसलाय ना हो वर्गात?”

दाराच्या काचेतून मागचा बाक दिसत होता. त्यावर कोणी नव्हतं.

बापाने मान खाली घातली.

“हो,” तो म्हणाला, अगदी बारीक आवाजात.