बहात्तरच्या अकरा मुलाखती

कमरुन्निसा मॅडमनी अकराही मुलाखती टेबलावर ओळीनं मांडल्या आणि चष्म्यावरून बिभीषण गुरुजींकडे पाहिलं.

"नावं अकरा आहेत, सर. तोंड एकच आहे," त्या म्हणाल्या. "ते कुणाचं, ते शोधून या. तोवर मी प्रबंधावर सही करणार नाही."

गुरुजींनी मनातल्या मनात दिवस मोजले. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया. गंगापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर चौदा वर्षं पहिली ते चौथीला शिकवून झाल्यावर त्यांनी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं होतं. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी शहरात रविवारी वर्ग भरत. दोन वर्षांत एकही रविवार त्यांनी बायकोपोरांत काढला नव्हता.

मॅडमना आधी वाटलं होतं, गुरुजींनी हे सगळं घरी बसून लिहिलं. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर तो संशय मिटला आणि दुसरा सुरू झाला. बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं, तर अकराही म्हाताऱ्या माणसांनी एकाच चालीवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. घरात दाणा नव्हता. दोन बैल विकले. पाणी दोन कोसांवरून आणलं. वस्ती तर सगळी मेंढपाळांची. त्या अकरांतल्या सोनाजीच्या सात पिढ्यांत कुणी बैलाची वेसण धरलेली नाही, पण दोन बैल त्यानंही विकले होते. गुरुजींना हे लिहितानाच खटकलं होतं. मुलाखती पुऱ्या करायच्या घाईत त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता.

फाइल मॅडमनी ठेवून घेतली. रिकाम्या हातांनी गुरुजी गंगापूरच्या जीपमध्ये बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना करपलेल्या रानात प्लॉटांचे पांढरे दगड रोवलेले होते. नव्या कॉलन्यांकडे टँकरवर टँकर चालले होते. ते बघता बघता गुरुजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सर्जेराव. दुसरं कोण असणार?

सर्जेराव शहरातल्या लोकांना वस्तीजवळची रानं दाखवत फिरायचा. त्यानंच म्हाताऱ्यांच्या मनात भरवलं असणार, की गुरुजी जमिनी लिहून न्यायला येतोय, खरं काही बोलू नका. गुरुजी फाट्यावर उतरले ते तडक त्याच्याकडे गेले आणि त्याला फैलावर घेतलं. सर्जेराव उलट त्यांच्यावरच उखडला. आपल्याला तर गुरुजींचाच संशय येतोय म्हणाला. रोज म्हाताऱ्यांपाशी बसून जुन्या रानांचं विचारायचं, हे कुठल्या एजंटासाठी चाललंय? अर्धा तास दोघं एकमेकांवर डाफरले. शेवटी सर्जेरावानं लेकराची शपथ घेतली. ती खोटी वाटेना, आणि गुरुजी आणखीच चरफडले. ज्यांच्या नातवंडांना हात धरून बाराखडी शिकवली, त्यांनी आपल्याला असं बनवावं, हे त्यांना फार लागलं.

ऊन उतरलं तेव्हा ते कडूबाईच्या दारात उभे राहिले. कडूबाई सत्तरीची, वस्तीवरची सगळ्यात जाणती. तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तिनं आधी त्यांच्या हातांकडे बघितलं, मग खांद्याकडे.

"कागद नाय आनला आज?"

"नाही, मावशी. तुमच्या दावणीला बैल कधी होते?"

"कधीच नाय," कडूबाई सरळ म्हणाली आणि त्यांना बसायला घोंगडी टाकली.

मग तिनं न विचारता बहात्तर सांगितलं. नवी नवरी होती ती. शंभर मेंढरं घेऊन अख्खी वस्ती चारा हुडकत पार वऱ्हाडापर्यंत चालत गेली. वाटेत एका ओढ्याच्या काठी तिचं पहिलं बाळंतपण झालं. तिसऱ्या दिवशी पोरगी टोपल्यात घालून ती पुन्हा चालायला लागली. परत आली तेव्हा मेंढरं तीस उरली होती आणि टोपलं रिकामं होतं. अकरा मुलाखतींत यातलं अक्षर नव्हतं.

"मग हे तेव्हा का नाही सांगितलं, मावशी? ते बैलांचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

कडूबाईला त्यांच्या विचारण्याचं नवल वाटलं.

"कुनी म्हंजी? दोन सालामागं तुमीच नव्हते का आलते, सरकारचे दुष्काळाचे फॉर्म भराया? मेंढरांचा रकानाच नाय म्हनले, बैल लिवतो. घरात दाना नाय, दोन बैल इकले, पानी दोन कोसावरून आनतो. कुनी बी कागद घिऊन आलं, दुष्काळाचं इचारलं, की हेच सांगायचं म्हनले. येगळं बोललात तर नाव कटंल."

गुरुजींना आठवलं. दोन दिवसांत दीडशे फॉर्म भरायचे होते. प्रत्येक दारात तेच वाक्य त्यांनी घाईघाईत सांगितलं होतं आणि फॉर्म जमा करताच विसरून गेले होते. सकाळपासून त्यांनी साऱ्या जगावर संशय घेतला होता. ते मान खाली घालून बसून राहिले.

त्यांचं असं गप्प होणं बघून कडूबाई धास्तावली. मदत तर अजून आलीच नव्हती. ती पुढं सरकली.

"कुनाचं चुकलं का, गुरुजी? समद्यांकडून मीच पाठ करून घेतलं व्हतं, तुमी पोरांकडून घेता तसं."