दोराचं वरचं टोक

धाकटा दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायचा. देवापेक्षा त्याचा थोरल्या भावावर भरवसा. गच्चीवर दोर धरून दादा बसलेला असे. धाकट्याने दोर दोनदा ओढला, की वरूनही दोन हिसके येत. बारा वर्षांत उत्तर कधी चुकलं नव्हतं.

त्या सकाळी नवव्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून त्याला आत चहा पिणारा दादा दिसला.

"दादा, दोर कोणाकडे दिलास?"

"कोणाकडे म्हणजे?" दादा हसला. "खांबाला बांधलाय. रोजच बांधून येतो. वर कोणी नसतं रे."

धाकट्याने वर पाहिलं. त्याने दोर दोनदा ओढला.

लगेच दोन हिसके आले. मग, अगदी सावकाश, कोणीतरी त्याला वर ओढून घेऊ लागलं.