कुंपणाआडचा राजपुत्र

जनार्दनकाका आजही त्याच बाकावर येऊन बसले आणि सिद्धीला अगदी कसंतरीच झालं. सलग अकरावा दिवस! माउंट रॉस्किलहून, मुलाच्या घरून, दोन बस बदलून सत्तरीचा माणूस येतो काय, एकाच चित्रासमोर दोन-दोन तास बसतो काय!

ऑकलंडमधल्या त्या छोट्याशा गॅलरीत सिद्धी राखणीला होती. म्हणजे काय, तर आठ तास उभं राहायचं आणि "प्लीज डोन्ट टच" म्हणायचं. पायांचे नुसते खांब झालेले. भिंतींवर जुन्या जपानी कथांची चित्रं, लाकडी ठशांनी छापलेली. काकांचं चित्र त्यातलं सगळ्यांत काळोखं. राजपुत्र कुंपणाआडून घरातल्या बाईला चोरून बघतोय, आणि तिला पत्ताच नाही.

"काका, एवढं काय आहे हो यात?"

काका थकल्यासारखे हसले. "सोमवारी पुण्याला परत चाललो. या वयात पुन्हा काही येणं होत नाही. तेवढं डोळे भरून बघून घेतो."

बिचारे! त्यात दाराबाहेरच्या कॅफेचे दिवे नेमके त्या चित्राच्या काचेवर पडायचे. राजपुत्र धड दिसायचाच नाही.

लंचला सिद्धीने कॅफेतल्या स्वप्नाकडे रडगाणं लावलं. सकाळपासून कॉफ्या करून स्वप्नाचाही पार पिट्ट्या पडलेला.

"तुझे ते जपानी चित्रवाले आजोबा अजून आहेतच?"

"अगं, सोमवारी चाललेत कायमचे. आणि साधं चित्र नीट दिसत नाही गं त्यांना!"

स्वप्ना बराच वेळ एकच कप पुसत राहिली. मग म्हणाली, "दारात पडदा लाव ना. काळा, जाड. इथलं काहीच आत जाणार नाही."

"स्वप्ना, यू लेजंड!"

गॅलरीचा मॅनेजर रमण काही हो म्हणेना. सिद्धी दोन दिवस त्याच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी स्टोअररूममधून पडदा शोधला, झटकला, दुखऱ्या पायांनी शिडी चढली आणि स्वतःच टांगला.

शनिवारी काका आले, बसले. काच एकदम स्वच्छ! राजपुत्राच्या बाहीवरची फुलंसुद्धा मोजून घ्यावीत.

काका पाचच मिनिटांत उठले.

"काय झालं, काका? दिसत नाहीये का?"

"दिसतंय की. चित्र आज पहिल्यांदाच दिसलं." ते वळून पडद्याकडे बघत राहिले. "ही कल्पना कोणाची गं?"

"कॅफेतल्या स्वप्नाची! खास तुमच्यासाठी."

काका पुन्हा हळूच बाकावर टेकले.

"म्हणजे काचेत मला ती दिसते, हे तिला कळलं होतं तर," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली, बोलत नाही माझ्याशी. लेक आहे माझी."